काटाघरातला सर्व्हर: रेल्स ७.० वरून ८.१ वर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर रेल्स ७.० वर चालत होतं. रेल्स म्हणजे रुबी या प्रोग्रामिंग भाषेत वेब ॲप लिहायची चौकट. गाडी काट्यावर चढते, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन नोंदलं जातं, ओलावा मोजतात, पावती निघते, कास्तकाराला एसएमएस जातो आणि संध्याकाळी चुकाऱ्याची (कापसाचे पैसे चुकते करायची) फाईल बँकेत जाते. काम एवढंच. पण त्यासाठी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याचा सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, रेडिस हा मेमरीतला साठा, मागे चालणाऱ्या कामांची (जॉबची) रांग सांभाळणारं साइडकिक आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, आणि हे सगळं काट्याशी जोडायला मोबाइल टॉवरचं नेट. हंगामात टॉवर बंद पडला की गाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत जायची आणि काटेवाल्याचा फोन यायचा, ‘भाऊ, पावती निघूनच नाही राहिली.’

रेल्स ७.० ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं १ एप्रिल २०२५ ला थांबलं, ७.१ चंही त्याच वर्षी १ ऑक्टोबरला संपलं. म्हणजे अपग्रेड टळणार नव्हतं. करायचंच तर मधले भागच कमी करावेत, असं ठरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रेल्स ८.० चा रोखही तोच आहे. रांग, कॅश आणि वेबसॉकेट यांच्यासाठी रेडिसऐवजी डेटाबेसातलेच तक्ते वापरायचे. त्यासाठी सॉलिड क्यू, सॉलिड कॅश आणि सॉलिड केबल. एसक्यूलाइट (एका फाईलमध्ये मावणारा डेटाबेस) खऱ्या वापरासाठी नीट बसवलेलं आहे आणि डिप्लॉयसाठी, म्हणजे ॲप सर्व्हरवर चढवायला, कमाल हे साधन सोबत येतं. शहरातल्या कंपन्यांचं यातून महिन्याचं बिल कमी होतं. खेड्यातला फायदा निराळा आहे: सगळं एका छोट्या संगणकात मावतं आणि तो संगणक काटाघरात टेबलाखाली ठेवता येतो.

काम उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाचा हंगाम सरल्यावर, हाती घेतलं. दिवाळी ते मार्च या काळात अशा सॉफ्टवेअरला हात लावूच नये.

आधी रुबी, मग रेल्स

रुबीची नवी आवृत्ती दर वर्षी २५ डिसेंबरला येते. २०२५ च्या नाताळात ४.० आली, पण आम्ही ३.४ घेतली. एक वर्ष वापरात राहिलेल्या आवृत्तीवर जवळजवळ सगळे जेम (रुबीच्या तयार लायब्ररी) तपासून झालेले असतात, आणि काट्यावर नवेपणाची हौस भागवायची नसते.

जुनं ॲप रुबी ३.० वर होतं. एकदम उडी न मारता क्रम असा ठेवला: रेल्स ७.० वर असतानाच रुबी ३.२, मग रेल्स ७.१, ७.२, त्यानंतर रुबी ३.४, मग रेल्स ८.० आणि शेवटी ८.१. रेल्स ७.२ ला किमान रुबी ३.१ लागते आणि ८.० ला ३.२, म्हणून हा क्रम सोयीचा पडतो. प्रत्येक पायरीवर आधी सगळ्या चाचण्या हिरव्या करायच्या, मगच पुढची आवृत्ती. चाचण्यांच्या वातावरणात डेप्रिकेशनचा (ही सोय पुढे काढली जाणार, असा) इशारा थेट एरर म्हणून उठेल असं सेटिंग केलं की पुढच्या पायरीवर काय मोडणार ते आधीच्याच पायरीवर कळतं.

पहिली ठेच रेल्स ७.० वर जेम अद्ययावत करतानाच लागते. कंकरंट-रुबी हा जेम १.३.५ वर गेला की रेल्स ७.० सुरूच होत नाही. लॉगर नावाचा स्थिरांक सापडत नाही असा एरर येतो. त्या आवृत्तीपासून हा जेम लॉगर स्वतःहून लोड करत नाही आणि जुनं रेल्स नेमकं त्यावरच विसंबून होतं. बूट फाईलमध्ये वर लॉगर रिक्वायर करा किंवा जेम १.३.४ वर बांधून ठेवा. ७.१ वर गेल्यावर ही कटकट उरत नाही.

रुबी ३.४ मध्ये सीएसव्ही हा भाग मूळ संचातून बाहेर निघून वेगळा जेम झाला आहे. जेमफाईलमध्ये तो स्वतः लिहावा लागतो, नाहीतर लोड एरर येतो. आमची चुकाऱ्याची बँक फाईल सीएसव्हीच असल्यामुळे हे महत्त्वाचं. याच आवृत्तीत एरर संदेशांतलं अवतरणचिन्ह आणि हॅशची छापील मांडणीही बदलली आहे. संदेशाचा मजकूर अक्षरशः ताडून पाहणाऱ्या चाचण्या त्यामुळे लाल होतात. कोडमध्ये काही बिघडलेलं नसतं, चाचणी सुधारायची.

रेल्सच्या प्रत्येक पायरीवर अपडेटची आज्ञा चालवली की ती कॉन्फिगच्या फाईली बदलू का म्हणून विचारते. सरसकट ‘हो’ म्हणू नका. प्रत्येक फरक डोळ्यांखालून घाला. सोबत नव्या डिफॉल्टांची एक फाईल तयार होते, त्यातली एकेक ओळ चालू करून चाचण्या चालवायच्या आणि सगळ्या झाल्या की शेवटी लोड डिफॉल्ट्सचा आकडा वाढवायचा. ठरलेल्या मोडतोडी अशा: रेल्स सीक्रेट्स ७.२ मध्ये काढून टाकले, त्याजागी क्रेडेन्शियल्स. सीरियलाइझला जेसन नुसतं दुसऱ्या जागी दिलेलं चालत नाही, कोडर म्हणून नाव घेऊन द्यावं लागतं. एनम जुन्या कीवर्ड पद्धतीनं लिहिलेला असेल तर ८.० मध्ये ॲप उठतच नाही. नाव आधी चिन्ह म्हणून, मग स्वल्पविराम आणि मग यादी. ८.१ वर स्कीमा (डेटाबेसच्या रचनेच्या) फाईलमधले रकाने वर्णानुक्रमे लावले जातात, त्यामुळे गिटमध्ये प्रचंड फरक दिसतो आणि घाबरायला होतं. तो एकटाच बदल वेगळ्या कमिटमध्ये टाका.

८.१ मध्ये चाचण्या आणि तपासण्या स्वतःच्याच संगणकावर एका आज्ञेत चालवायची सोय आली आहे. नेट रडतखडत चालतं तिथे तपासणीसाठी कोड दूरच्या सेवेवर चढवून वाट पाहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणखी एक सवय लावून घ्यावी: बंडलर या जेम सांभाळणाऱ्या साधनाच्या कॅश आज्ञेनं सगळे जेम प्रकल्पाच्या व्हेंडर फोल्डरमध्ये उतरवून गिटमध्ये ठेवणं. पुढचं बिल्ड मग नेटवर अडत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये रुबीजेम्स आणि बंडलर कोणाच्या ताब्यात असावं यावरून मोठा वाद झाला आणि ऑक्टोबरमध्ये रुबीचे जनक मात्झ यांनी हे दोन्ही प्रकल्प रुबीच्या गाभा चमूकडे घेतल्याचं जाहीर केलं. त्या सगळ्या काळात जेम उतरत होते, पण आपल्या गरजेचे जेम आपल्याजवळ असावेत हे तेव्हा पुष्कळांना पटलं.

पोस्टग्रेसमधून एसक्यूलाइटमध्ये

हा भाग सगळ्यात वेळखाऊ. तो करावाच असं नाही. सॉलिड क्यू पोस्टग्रेसवरही छान चालतं. एकापेक्षा जास्त सर्व्हर लागणार असतील किंवा डेटाबेसची फाईल नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवायची असेल, तर एसक्यूलाइटकडे वळूच नका. एका काट्यावर मात्र मिनिटाला एखाद-दोन नोंदी होतात. तिथे एसक्यूलाइटला लिहिण्याचा ताण कधीच येत नाही, आणि बॅकअप म्हणजे एक फाईल.

स्कीमा फाईल हातानं साफ करावी लागते. पोस्टग्रेस एक्स्टेन्शनची ओळ काढायची, जेसनबीचं जेसन करायचं, जिन प्रकारचे इंडेक्स काढायचे, ॲरे रकान्यांसाठी वेगळा तक्ता करायचा. मग कोडमध्ये शोध घ्यायचा: आयलाइक, डिस्टिंक्ट ऑन, डेट ट्रंक आणि दोन कोलन लावून केलेली प्रकारबदलं. यातलं एसक्यूलाइटमध्ये काहीच नाही. आयलाइकच्या जागी साधं लाइक चालतं. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद तसाही देवनागरीत नाही.

तारखेचा घोळ आधीपासूनच होता, इथे उघडा पडला. रेल्स वेळ यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) साठवतं, त्यामुळे डेटाबेसात तयार झाल्याच्या वेळेवरून तारीख काढली तर पहाटे साडेपाचच्या आत तोललेली गाडी आदल्या दिवसाच्या खरेदीत जाते. हंगामात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाड्या पहाटेच चढतात. खरेदी दिनांक हा वेगळा रकाना ठेवायचा आणि पावती करतानाच भारतीय वेळेनुसार भरायचा.

सगळ्यात जास्त काळजी पैशाच्या रकान्यांची. एसक्यूलाइटमध्ये खरा डेसिमल प्रकार नाही. रेल्समध्ये डेसिमल लिहिलं तरी अपूर्णांक आत फ्लोट म्हणून बसतो आणि बेरजेत शेवटचे पैसे हलतात. म्हणून वजन पूर्णांक किलोत, रक्कम पूर्णांक पैशांत आणि ओलावा दशांश टक्क्यात, म्हणजे ९.५ टक्क्यांसाठी ९५. गुणाकार रुबीच्या बिगडेसिमल (BigDecimal) या अचूक दशांश प्रकारात करायचा आणि पूर्णांकन फक्त एकदा, शेवटी.

उदाहरण घेऊ. १८ क्विंटल ३५ किलो कापूस, २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, ओलावा ९.५ टक्के. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) पद्धतीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ पर्यंत त्या प्रमाणात कपात आणि १२ च्या वर खरेदीच नाही. इथे कपात दीड टक्का. शेवटी पूर्णांकन केलं तर रक्कम १,४६,५८६ रुपये २२ पैसे. आधी भाव ७,९८८.३५ वरून ७,९८८ करून गुणलं तर १,४६,५७९ रुपये ८० पैसे. फरक ६ रुपये ४२ पैसे, तोही एकाच गाडीत. जुन्या आणि नव्या ॲपमध्ये पूर्णांकनाची जागा एकच आहे का, हे मागच्या हंगामातल्या सगळ्या पावत्या नव्या कोडमधून पुन्हा मोजून तपासावं. पावतीवर लाखाचा स्वल्पविराम हवा असेल तर रेल्सच्या संख्या मांडणीत डिलिमिटर पॅटर्न नावाचा पर्याय आहे. रेल्सच्या दस्तऐवजातच भारतीय पद्धतीचा नमुना दिलेला आहे, तो जसाच्या तसा घ्या.

डेटा हलवायला तयार साधनं आहेत, पण प्रकार बदलत असल्यामुळे छोटी स्क्रिप्ट लिहिणंच सोपं. ॲपला दोन्ही डेटाबेस जोडायचे, तक्ते फॉरेन कीच्या (एका तक्त्यातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या दुव्यांच्या) क्रमानं घ्यायचे, पाचशे-पाचशेच्या तुकड्यांत वाचून एकगठ्ठा घालायचे. नंतर प्रत्येक तक्त्याची मोजणी, वजनाची बेरीज, रकमेची बेरीज आणि गावनिहाय बेरीज दोन्हीकडे जुळवायची. मोजणी जुळली म्हणून थांबू नका. चुकीच्या प्रकारबदलानंतरही ओळी तेवढ्याच असतात.

हलवता हलवता नावंही धुऊन घेतली. वऱ्हाडे हे आडनाव डेटात तीन प्रकारे टंकलेलं सापडतं: ‘ऱ’ या एकाच कोडबिंदूनं (युनिकोडमधल्या एका चिन्हानं), ‘र’ आणि नुक्ता असं तोडून, आणि ‘र्’ नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, शोधात मात्र तीन वेगळे कास्तकार. रुबीचं युनिकोड नॉर्मलाइझ पहिल्या दोघांना एक करतं. तिसऱ्याला करत नाही, त्यासाठी त्या जोडीच्या जागी ‘ऱ्’ घालावा लागतो. जोडचिन्ह नुसतं उडवलं तर वऱ्हाडेचं ‘वर्हाडे’ होतं आणि मूळ नाव परत मिळत नाही. आकड्यांचंही तसंच. देवनागरीत टंकलेलं ‘१२’ रुबीच्या टू-आय पद्धतीला शून्य वाटतं आणि रेगेक्समधल्या अंकचिन्हाला दिसतच नाही. खाते क्रमांक, मोबाइल आणि वजन यांच्या रकान्यांत साठवण्याआधी रुबीच्या टी-आर (tr) पद्धतीनं अंक बदलून घ्या.

नावाच्या शोधासाठी एसक्यूलाइटचं एफटीएस-५ हे मजकूर-शोधाचं अंग वापरलं, रेल्स ८ मध्ये त्याचा आभासी तक्ता मायग्रेशनमधूनच बनवता येतो. त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो, त्यामुळे मराठी शब्द मात्रांवर तुटतो. टोकनायझरच्या कॅटेगरीज पर्यायात अक्षरं आणि अंकांच्या सोबत एम-एन आणि एम-सी हे मात्रा-चिन्हांचे दोन वर्ग घातले की शब्द अखंड राहतो. ट्रायग्राम टोकनायझर हा दुसरा मार्ग, पण त्याला किमान तीन कोडबिंदू लागतात.

‘डेटाबेस लॉक्ड’ या एररची पुष्कळांना धास्ती असते. रेल्स ७.१ पासून एसक्यूलाइट वॉल पद्धतीत (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहिण्याच्या) उघडतं आणि ८.० पासून ट्रान्झॅक्शन सुरुवातीलाच लिहिण्याचा हक्क मागतं, त्यामुळे तो आता क्वचितच दिसतो. दिसलाच तर बहुतेक वेळा कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून आत एसएमएस सेवेला हाक मारत असतं.

साइडकिक काढताना

साइडकिकच्या पद्धतीनं लिहिलेले जॉब ॲक्टिव्ह जॉबमध्ये आणायचे, म्हणजे परफॉर्म असिंकच्या जागी परफॉर्म लेटर. एवढं करून थांबलात तर नुकसान होईल. साइडकिक अपयशी जॉब आपणहून पंचवीस वेळा, सुमारे तीन आठवडे, पुन्हा पुन्हा करतं. ॲक्टिव्ह जॉब आपणहून एकदाही करत नाही. जॉब अपयशींच्या तक्त्यात जाऊन पडतो. नेट नसणं हीच जिथे रोजची गोष्ट, तिथे प्रत्येक एसएमएस जॉबवर रिट्राय ऑन लिहायलाच हवं: कोणते एरर, किती वेळा आणि दर वेळी वाढत जाणारं अंतर. आधी किती तास नेट जाऊ शकतं याचा अंदाज घ्या, मग किती वेळा ते ठरवा.

रेल्स ८ मध्ये रांगेचा डेटाबेस मुख्य डेटाबेसापासून वेगळ्या फाईलमध्ये असतो. म्हणून मुख्य ट्रान्झॅक्शनच्या आत जॉब टाकला आणि नंतर पावती रद्द झाली, तरी जॉब राहतो आणि नसलेल्या पावतीचा एसएमएस जातो. जॉब आफ्टर कमिट कॉलबॅकमधूनच टाका. चुकाऱ्याच्या फाईलसाठी सॉलिड क्यूची समांतरतेची मर्यादा लावली, तारीख ही किल्ली आणि एका वेळी एकच. दोनदा बटण दाबलं तरी दोन फाईली एकाच वेळी बनत नाहीत.

रोजचा गोषवारा रात्री अकराला पाठवायचा तर रिकरिंग फाईलमधल्या वेळेसोबत एशिया-कोलकाता असं स्पष्ट लिहा. ॲप ज्या बंदिस्त डब्यात चालतं त्या कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर असतं, वेळ गृहीत धरू नये.

हंगामाअखेरचे सभासदनिहाय हिशेब हा लांब चालणारा जॉब. त्यासाठी ८.१ मधलं कंटिन्युएशन कामाला येतं: काम टप्प्यांत लिहायचं, प्रत्येक टप्प्याचा कर्सर (कुठवर आलो ती खूण) नोंदला जातो, आणि मधेच कंटेनर थांबला तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू. कमाल डिप्लॉयच्या वेळी जॉबला आवरतं घ्यायला तीसच सेकंद देतं, म्हणून ही सोय.

एसएमएसबद्दल एवढंच: मराठी संदेश युनिकोडमध्ये जातो, एका भागात १६० नव्हे तर ७० कोडबिंदू, आणि मात्रा वेगळी मोजली जाते. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेत) साचा नोंदवायच्या आधीच लांबी मोजा.

नेट नसताना पान उघडलं पाहिजे

सर्व्हर टेबलाखाली आला तरी ब्राउझर बाहेर डोकावत असेल तर काही उपयोग नाही. जुन्या इम्पोर्टमॅपमध्ये (जावास्क्रिप्टची कोणती फाईल कुठून घ्यायची याच्या यादीत) त्या फाईली बाहेरच्या सीडीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवरून, येतात. इम्पोर्टमॅप-रेल्स २.० पासून पिन केलेली फाईल प्रकल्पातच उतरते, पण जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. प्रत्येक नोंद पुन्हा पिन करा. फॉन्टही स्थानिक ठेवा. मग नेटची वायर काढून, ब्राउझरची कॅश पुसून, ॲपचं प्रत्येक पान उघडून पाहा.

पावती प्रॉन जेमनं पीडीएफ करून काढत असाल तर मराठीसाठी ते सोडा. त्यात अक्षरांची जुळणी होत नाही, ऱ्हस्व इकार भलत्या जागी बसतो आणि जोडाक्षरं फुटतात. आम्ही साधं एचटीएमएल पान ८० मिलिमीटर रुंदीच्या छपाई शैलीत ब्राउझरमधूनच छापतो. कंटेनरमध्ये क्रोमियम चालवून पीडीएफ करायची असेल तर डॉकरफाईलमध्ये देवनागरी फॉन्टचं पॅकेज घाला, नाहीतर पावतीवर चौकोन उमटतात.

काट्याच्या इंडिकेटरचं वजन थेट ब्राउझरमध्ये घ्यायला क्रोमचं वेब सीरियल वापरलं. ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर चालतं. काट्याचा संगणक आणि सर्व्हर एकच असल्यामुळे लोकलहोस्टनं भागतं. बॉड रेट इंडिकेटरच्या सेटिंगशी जुळला नाही तर वजनाऐवजी कचरा अक्षरं येतात. ९६०० आणि २४०० आधी करून पाहा. लिनक्सवर वापरकर्ता डायलआउट गटात हवा. उबंटू २२.०४ वर सीएच३४० चिपचं यूएसबी कन्व्हर्टर लावलं की पोर्ट दिसतो आणि लगेच गायब होतो, कारण ब्रेल पडद्यासाठीची बीआरएल-टीटीवाय सेवा ते उपकरण आपलंच समजते. ती सेवा काढून टाकली की झालं. इंडिकेटर सेकंदाला अनेकदा आकडा पाठवत राहतो, गाडी अजून हलत असते. सलग सारखे आकडे आल्याशिवाय नोंद बटण उघडायचं नाही.

कमाल आणि कंटेनर

एकाच संगणकासाठी डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) म्हणजे थोडं जास्तच, असं वाटू शकतं. तरी ठेवलं, कारण मागच्या आवृत्तीवर परत जाणं एका आज्ञेत होतं आणि हंगामात तेवढंच हवं असतं. कमाल २.८ पासून बाहेरच्या रजिस्ट्रीची (ॲपच्या बांधून तयार इमेज ठेवायच्या कोठाराची) गरज नाही: लॅपटॉपवरच रजिस्ट्री चालते आणि सर्व्हर एसएसएचच्या वाटेनं तिथून इमेज घेतो. काही शे एमबीची इमेज टॉवरवरून वर चढवून पुन्हा खाली ओढण्याऐवजी केबलनं शेजारच्या संगणकात जाते. पहिल्या वेळी मात्र नेट लागतंच: सर्व्हरवर डॉकर बसवायला, कमाल प्रॉक्सीची इमेज आणायला आणि रुबीची मूळ इमेज उतरवायला. हे सगळं यवतमाळात चांगल्या लाइनवर करून मगच संगणक गावात न्या.

डिप्लॉय फाईलमध्ये प्रॉक्सीला होस्ट दिला नाही, म्हणजे लोकलहोस्ट आणि आयपी दोन्हीवरून ॲप उघडतं. एसएसएल नाही, म्हणून प्रॉडक्शन सेटिंगमधले अस्यूम एसएसएल आणि फोर्स एसएसएल दोन्ही बंद हवेत. फोर्स एसएसएल चालू राहिलं तर कमालची आरोग्य तपासणी ‘अप’ या पत्त्यावर २०० (सगळं ठीक) या उत्तराऐवजी पुनर्निर्देशन पाहते आणि कंटेनर निरोगी झाला नाही म्हणून डिप्लॉय परत फिरतं. लॉगमध्ये ॲप तर ठणठणीत दिसतं. एसएसएल नसल्यामुळे ऑफिसचे संगणक केवळ वायरनं जोडले आहेत, वायफाय या नेटवर्कला नाही. संचालकांना बाहेरून पाहायला दार उघडलेलं नाही, त्यांना रात्रीचा गोषवारा पुरतो.

स्टोरेज फोल्डर होस्टवरच्या फोल्डरशी जोडलं तर त्याचा मालक १००० क्रमांकाचा वापरकर्ता करा. रेल्सची डॉकरफाईल ॲप त्याच क्रमांकानं चालवते. हे राहिलं की डेटाबेस उघडता येत नाही किंवा तो फक्त वाचण्यापुरता आहे असा एरर येतो.

लाइन जाणार हे धरूनच

एसक्यूलाइटच्या वॉल पद्धतीत रेल्स सिंक्रोनस हे सेटिंग नॉर्मल ठेवतं. अचानक वीज गेली तर फाईल बिघडत नाही, पण शेवटच्या काही पक्क्या झालेल्या नोंदी परत फिरू शकतात. वेबसाइटला ते चालेल. इथे कास्तकाराच्या हातात छापील पावती आणि संगणकात नोंद नाही, असं होईल. डेटाबेसच्या कॉन्फिग फाईलमधल्या प्रॅग्मामध्ये (एसक्यूलाइटच्या सेटिंगांत) मुख्य डेटाबेससाठी सिंक्रोनस फुल केलं, कॅशसाठी नॉर्मलच. लिहिणं किंचित हळू होतं, काट्यावर ते जाणवतही नाही.

बायॉसमध्ये वीज परत आल्यावर संगणक आपोआप चालू व्हावा हे सेटिंग करा. कमालचे कंटेनर डॉकरसोबत स्वतः उठतात.

बॅकअपसाठी डेटाबेसची फाईल नुसती कॉपी करू नका. ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाईलमध्ये असतात आणि त्या मागे राहतात. रोज रात्री व्हॅक्यूम इन्टू या आज्ञेनं एकसंध प्रत पेनड्राइव्हवर घेतली जाते आणि तिच्यावर लगेच इंटिग्रिटी चेक चालतो. दिवसभर लाइटस्ट्रीम हे साधन एसक्यूलाइटमधले बदल ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीच्या मुंबई विभागात पाठवत राहतं; नेट गेलं तर न गेलेले बदल डिस्कवर साठतात आणि आलं की जातात, फक्त डिस्कवर जागा मोकळी हवी. कॅशची फाईल पाठवायची गरज नाही, रांगेची पाठवा.

दसऱ्याच्या आधी दोन तपासण्या ठरलेल्या आहेत. पहिली: दुसऱ्या संगणकावर फक्त लाइटस्ट्रीममधून डेटाबेस परत उभा करायचा आणि शेवटच्या पावतीचा क्रमांक ताडून पाहायचा. दुसरी: खोट्या नोंदी घालत असताना यूपीएसची आणि संगणकाची वायर एकदम ओढायची, पुन्हा लावायची, आणि छापलेली शेवटची पावती पडद्यावर आहे का, पुढचा क्रमांक बरोबर येतो का, अडकलेले एसएमएस रांगेत शिल्लक आहेत का, हे तिन्ही पाहायचं.